कलामझू केजी-११, १९३६ : कहाणीचे पैसे वेगळे, गिटारचे वेगळे

पुण्यात प्रभात रोडवरच्या एका खासगी संग्रहातून सध्या एक जुनी अकूस्टिक गिटार विकायला निघाली आहे. हेडस्टॉकवर ‘कलामझू’ हे नाव, मॉडेल केजी-११, सोबत एक जुनी कडक पेटी आणि टाइप केलेलं एक पानी पत्र. मिसिसिपीच्या एका ब्लूज गायकाने १९३१ च्या ध्वनिमुद्रणात हीच गिटार वाजवली, असं पत्रात लिहिलं आहे. किंमत सांगतात साडेसहा लाख. गायकाचं नाव आम्ही इथे देत नाही. ज्या दाव्याला आधार नाही त्याला खऱ्या माणसाचं नाव चिकटवणं योग्य नाही.

गिटार दोनदा तपासली, एकदा मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी आणि एकदा जुलैच्या झडीत. जुनं वाद्य एकाच ऋतूत बघून घेऊ नये. ते का, हे मापं बघितली की कळेल.

आधी मॉडेलबद्दल. कलामझू हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं गाव. गिब्सनचा कारखाना तिथे होता. महामंदीच्या काळात कंपनीने स्वस्त माल गावाच्या नावाने विकायला काढला आणि त्यावर ‘गिब्सन’ हे नाव कुठेही घातलं नाही. कारखाना तोच होता, कारागीरही तेच. काटकसर केली ती आतल्या बांधणीत. गिब्सनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गिटारीत तबलीखाली, म्हणजे वरच्या फळीखाली, इंग्रजी एक्ससारखी फुलीची बांधणी असायची आणि नेकमध्ये, म्हणजे दांडीत, फिरवून ताण बदलता येणारा धातूचा दांडा, ट्रस रॉड, ज्याचं पेटंट कंपनीकडे १९२३ पासून होतं. केजी-११ मध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत. तबलीखाली शिडीसारख्या आडव्या पट्ट्या आहेत आणि नेक नुसत्या लाकडाच्या जोरावर उभी आहे. वरची फळी स्प्रूसची, मागची, बाजूची आणि नेक महोगनीची, फिंगरबोर्ड आणि ब्रिज, म्हणजे घोडी, रोझवूडचे. खालची रुंदी पावणेपंधरा इंच, पण अंग लांबीला आखूड, त्यामुळे मांडीवर घेतली की खेळण्यासारखी वाटते. नेक चौदाव्या फ्रेटला, म्हणजे पडद्याला, अंगाला मिळते.

आता तारखेचा प्रश्न. साउंडहोलमधून छोटा आरसा आणि टॉर्च घालून आतल्या नेक-ब्लॉककडे बघा. तिथे कारखान्याचा तुकडी क्रमांक शाईने उमटवलेला असतो. या गिटारीवर तो अंधुक आहे, पण उजेड बाजूने तिरका टाकला की वाचता येतो. आधी आकडा, मग ‘बी’ हे अक्षर, मग तुकडीतला क्रमांक. अक्षरांचा हिशेब १९३५ ला ए, १९३६ ला बी, १९३७ ला सी असा चालतो. म्हणजे ही गिटार १९३६ ची. १९३१ मध्ये ती कोणीही वाजवलेली असणं शक्य नाही, कारण कलामझू नावाच्या या गिटारी बाजारात यायलाच १९३३ साल उजाडलं. पत्रातला मुख्य दावा इथेच संपतो. त्याच गायकाने ती पुढे कधीतरी वाजवली असेल, अशी पळवाट काढता येते. पण मग त्यासाठी वेगळा पुरावा लागेल, आणि तो पत्रात नाही.

पुरावा कशाला म्हणायचं हेही सांगायला हवं, कारण अशा गिटारी यापुढेही येत राहतील. फोटोत गायकाच्या हातात तसं मॉडेल दिसणं हा पुरावा नव्हे, त्या मॉडेलच्या गिटारी कारखान्यातून तुकडी-तुकडीने बाहेर पडत होत्या. गिटार हातात असणं हासुद्धा मालकीचा पुरावा नाही. ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनचा मेम्फिसच्या स्टुडिओतला सुटाबुटातला फोटो सगळ्यांनी पाहिला आहे. त्यातली गिब्सन एल-१ त्याची स्वतःची होती की स्टुडिओत ठेवलेली शोभेची, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. इतक्या प्रसिद्ध फोटोची ही गत, तर एका पानाच्या टाइप केलेल्या पत्राची काय कथा.

खरी ओळख पटवायची तर वाद्यावरची अशी खूण लागते जी दुसऱ्या वाद्यावर असूच शकत नाही. या गिटारीवर ती संधी आहे, ती म्हणजे पिकगार्ड, साउंडहोलशेजारी तबलीला ओरखड्यांपासून वाचवणारा पातळ तुकडा. तांबड्या-तपकिरी ज्वाळांसारख्या पट्ट्यांचं सेल्युलॉइड, आणि एका पत्र्यातून कापलेल्या दोन तुकड्यांचीसुद्धा नक्षी सारखी येत नाही. जुन्या फोटोत पिकगार्ड स्पष्ट दिसत असेल तर वरच्या तीन-चार पट्ट्यांची वळणं जुळवून पाहता येतात. स्प्रूसचे रेषा-धागे, ब्रिजजवळचा एखादा खोल ओरखडा, यांचंही तसंच. विक्रेत्याकडे असा एकही फोटो नाही. ‘हा तंबोरा अमक्या बुवांचा’ हे पुण्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. तिथे जो प्रश्न विचारायचा तोच इथे विचारायचा : बुवांच्या घरातून तुमच्या घरी तो कोणाच्या हातून आला, आणि प्रत्येक टप्प्याचा कागद कुठे आहे?

वापराच्या खुणा मात्र भरपूर आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पहिल्या तीन फ्रेटमध्ये, वरच्या दोन पातळ तारांखाली, फिंगरबोर्डवर बोटाच्या टोकाएवढे खड्डे आहेत. म्हणजे कोणीतरी वर्षानुवर्षं खालच्याच पोझिशनला साधे कॉर्ड धरले. नेकच्या पाठीवर दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटच्या मागे कॅपोचा, म्हणजे स्वर चढवायला नेकवर लावायच्या चिमट्याचा, घासलेला पट्टा आहे. साउंडहोलच्या वरच्या कडेला अंगठ्याच्या पिकचे तिरके चरे दिसतात. बॉटलनेकने, म्हणजे काचेच्या किंवा धातूच्या नळीने, वाजवणाऱ्याच्या गिटारीवर फ्रेट असे झिजत नाहीत, कारण नळी तारेला फ्रेटपर्यंत दाबतच नाही. तेव्हा ‘स्लाइड गायकाची गिटार’ हे जे तोंडी सांगतात, त्याला ही झीज साथ देत नाही. एवढं नक्की की ती भरपूर वाजलेली गिटार आहे. कोणाच्या हातांनी वाजली, हे झीज सांगत नाही.

आता अवस्था. सगळ्यात महत्त्वाचं काम नेकचं आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेची उंची मे महिन्यात ३.२ मिमी भरली, जुलैत ३.६. पातळ ई अनुक्रमे २.६ आणि २.९. पावसाळ्यात लाकूड ओल पिते, तबली फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा फिंगरबोर्डपासून दूर जातात. उन्हाळ्यात उलटं. फक्त मेमध्ये पाहणाऱ्याला ‘थोडी उंच आहे, चालेल’ वाटलं असतं. लांब सरळपट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजपर्यंत नेली तर तिने ब्रिजच्या माथ्याला टेकायला हवं. जुलैत ती माथ्याच्या २ मिमी खाली आपटते. सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती ब्रिजमधली पट्टी, ब्रिजच्या वर जेमतेम २.५ मिमी उरलं आहे. बाराव्या फ्रेटवर १ मिमी कमी करायचा तर सॅडल २ मिमी घासावं लागतं. मग वर उरेल अर्धा मिमी, तारांचा कोन जाईल आणि आवाज बसेल. म्हणजे सॅडल घासून भागणार नाही, नेक रीसेटच करावा लागेल, म्हणजे नेक काढून, तिचा कोन बदलून पुन्हा बसवावी लागेल.

हे काम असं चालतं. पंधरावा फ्रेट काढायचा, कारण अंगाला चौदाव्यावर मिळणाऱ्या नेकचा डव्हटेल सांधा त्याच्या खाली असतो. त्या खाचेत २ मिमीचं भोक पाडून सुईतून वाफ सोडायची. त्याआधी फिंगरबोर्डचा तबलीवर चिकटलेला भाग गरम पट्टीने सैल करून पातळ पातं सरकवून सोडवायचा. सांधा सरसाने, म्हणजे जनावरी गोंदाने, चिकटवलेला असल्यामुळे तीन-चार मिनिटांच्या वाफेत सुटतो. घाई करून ओढलं तर तबलीचा तुकडा नेकबरोबर येतो. मग नेकच्या टाचेचे, म्हणजे अंगाला टेकणाऱ्या जाड टोकाचे, गाल तासायचे. किती? चौदाव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंत इथे २८० मिमी आहेत, टाच ८५ मिमी उंच, आणि सॅडलपाशी २ मिमी हवेत. ८५ गुणिले २, भागिले २८०, म्हणजे टाचेच्या तळाशी ०.६ मिमी आणि फिंगरबोर्डपाशी शून्य. कागदाच्या सहा-सात पानांच्या जाडीएवढं लाकूड. त्याहून जास्त गेलं तर परत आणता येत नाही, पट्ट्या चिकटवून भरावं लागतं. असा रीसेट झाला की आहे त्याच सॅडलवर जुलैतली उंची ३.६ ची २.६ होते, आणि बोटांनी वाजवायला ती अगदी बेताची आहे.

हे काम पावसाळ्यात करू देऊ नका. फुगलेल्या तबलीच्या मापाने टाच तासली तर उन्हाळ्यात तारा फ्रेटवर खडखडतील. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा पुण्यातला योग्य काळ, किंवा आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांवर ठेवलेली खोली. काम देण्याआधी कारागिराला तीन गोष्टी विचारा : कोणता फ्रेट काढणार, टाचेला किती तासणार, आणि परत कशाने चिकटवणार. तिसऱ्याचं उत्तर ‘पांढरा गोंद’ आलं तर गिटार उचलून घरी यावं.

पांढऱ्या गोंदाचा पुरावा या गिटारीच्या पोटातच आहे. ब्रिजच्या मागची आडवी पट्टी कधीतरी सुटली होती आणि कोणीतरी ती पांढऱ्या गोंदाने चिकटवली. आता ती एका टोकाला पुन्हा उघडली आहे, व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा दीड सेंटिमीटर आत जातो. मधल्या बोटाच्या पेराने तबलीवर ठकठक केलं की त्या जागी आवाज फुटका येतो. पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो आणि एकदा वाळला की त्यावर सरस धरत नाही. आधी तो कोमट पाण्याने मऊ करून, खरवडून, लाकूड पूर्ण उघडं करावं लागतं. सरस मात्र सरसावर चिकटतो, म्हणून शंभर वर्षांनीही दुरुस्ती होते. सतार-तंबोऱ्याच्या जुन्या कारागिरांना हे सांगावं लागत नाही. सरसाचे दाणे थंड पाण्यात भिजवायचे, वजनाने एकाला दोन पाणी, मग पाण्याच्या भांड्यात ठेवून ६० अंशांवर पातळ करायचे. उकळू द्यायचा नाही, उकळला की ताकद जाते. पट्टी आणि तबली दोन्ही आधी हेअर ड्रायरने कोमट करायच्या, नाहीतर लावता लावता सरस थिजतो. हातात वेळ मिनिटाभराचा असतो. क्लॅम्प लावून २४ तास हात लावायचा नाही.

बाकीचं लवकर सांगतो. ब्रिजखालच्या पाटीला तारांच्या टोकाच्या गोळ्यांनी खाल्लं आहे, चौथ्या आणि पाचव्या तारेची भोकं लांबट झाली आहेत, तिथे लाकडाचे गोल ठिगळ बसवावे लागतील. मागच्या फळीला एक भेग आहे, आतून लाकडाचे छोटे तुकडे चिकटवून नीट दुरुस्त केलेली, काळजीचं कारण नाही. नेकचा बाक सातव्या फ्रेटवर ०.३ मिमी (पहिला आणि चौदावा फ्रेट दाबून मोजलेला), ट्रस रॉड नसताना एवढं चांगलंच म्हणायचं. चाव्या मूळच्या, एका पट्टीवर तीन अशा, पण एक बटण चिरलेलं आहे. फ्रेट मूळचे, पहिले तीन बदलावे लागतील. लाकडात किडीची भोकं नाहीत आणि पेटीच्या तळाशी भुसा नाही. हे पुण्यात जुन्या वाड्यात राहिलेल्या कुठल्याही वाद्यात सगळ्यात आधी बघा.

आणि आवाज. इथे मात्र आम्ही दोघं-तिघं एकाच मताचे आहोत.

आडव्या पट्ट्यांची बांधणी म्हणजे स्वस्त, म्हणून हलकी, असं समजून लोक केजी-११ नाकारतात. ब्लूजसाठी हे उलटं आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांत जो आवाज ऐकू येतो तो मोठ्या प्रमाणात याच बांधणीचा आहे, कारण गायकांना परवडायच्या त्या याच गिटारी. ब्लूज गायक लेडबेलीची बारा तारांची स्टेला गिटार, जर्सी सिटीच्या ऑस्कर श्मिट कारखान्याची, ती आडव्या पट्ट्यांचीच. फुलीच्या बांधणीत खर्ज पसरतो आणि स्वर लांबतो. इथे स्वर निघतो तो ठोकून काढल्यासारखा, मधल्या पट्टीत भरलेला, आणि लगेच वाट मोकळी करतो. तंबोऱ्याची जवारी ज्या आसेसाठी उघडतात ती आस इथे शोधू नका. अंगठ्याने खर्जाच्या तारा एकाआड एक ठोकत ठेवल्या आणि वर दोन बोटांनी चाल वाजवली की खर्ज आणि चाल एकमेकांवर सांडत नाहीत, दोन माणसं वाजवतायत असं वाटतं. आधुनिक, महागड्या ड्रेडनॉटवर, म्हणजे मोठ्या अंगाच्या गिटारीवर, हेच वाजवताना तळहाताने खर्ज दाबत बसावं लागतं.

डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी असं लावल्यावर ही गिटार सगळ्यात खुलते. ब्लूजवाले या लावणीला ‘व्हेस्टापोल’ म्हणायचे आणि डी-जी-डी-जी-बी-डी ला ‘स्पॅनिश’. दोन्ही नावं एकोणिसाव्या शतकातल्या घरगुती गिटारवादनाच्या छापील चिजांवरून आली आहेत. या लावणीत चार तारा खाली उतरतात, त्यामुळे तबलीवरचा ताणही कमी होतो, आणि इतक्या जुन्या तबलीला ते मानवतं. नेहमीच्या लावणीत तिसऱ्या तारेचा स्वर सहाव्या फ्रेटच्या पुढे किंचित चढा लागतो. सॅडल सरळ आहे, तारेगणिक भरपाई केलेली नाही, त्यामुळे हे अपेक्षितच. नवीन हाडाचं सॅडल घडवताना ते सावरता येईल. तेव्हाच १ मिमी उंच असं दुसरं सॅडल करून घ्या. ते घातलं की बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी वाढतो आणि बॉटलनेकने वाजवता येतं. तारा अकराच्या, म्हणजे सगळ्यात पातळ तार ०.०११ इंचाची, त्याहून जाड नाही. बाराच्या संचाचा एकूण ताण सत्तर किलोच्या आसपास जातो आणि या बांधणीत तो साउंडहोलपुढची तबली खचवतो, ब्रिजमागची फुगवतो.

पुण्यात सांभाळायची तर पेटीत आर्द्रतामापक ठेवा आणि ४५ ते ५५ टक्क्यांच्या बाहेर जाऊ देऊ नका. जून ते सप्टेंबर सिलिका जेल, मार्च ते मे ओलावा देणाऱ्या पिशव्या. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, पावसात तिला ओल येते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत अर्धा तासही नको, आतलं तापमान सरस सैल करण्याइतकं चढतं. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही : संध्याकाळी गच्चीवर बैठक जमली आणि हाताला डासांचं मलम असेल तर गिटार घेऊ नका. त्यातलं डीट हे रसायन जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरला विरघळवतं. हात टेकला तिथे बोटांचे ठसे कायमचे उमटतात.

पिकगार्डच्या सेल्युलॉइडकडे नाकानेही लक्ष ठेवायचं. पेटी उघडल्यावर कापरासारखा मंद वास आला तर ठीक. आंबट, नाकाला झोंबणारा वास यायला लागला, तारांवर आणि चाव्यांवर हिरवट गंज दिसला, तर सेल्युलॉइड सडायला लागलं आहे आणि त्याचं आम्ल धातू खातंय. अशा वेळी पेटी बंद ठेवणं सगळ्यात वाईट. सध्या या गिटारीचा वास कापराचाच आहे.

कागदपत्रांत दोन गोष्टी मागा. पहिली, आयातीच्या वेळची बिल ऑफ एन्ट्री. ती विक्रेत्याने अजून दाखवलेली नाही. विक्रेता ‘अँटिक’ म्हणतो, पण कायद्याने त्यासाठी शंभर वर्षं लागतात आणि १९३६ च्या वाद्याला ती २०३६ मध्ये भरतील, त्यामुळे ती जुनी गिटार म्हणूनच आलेली असणार. दुसरी, फिंगरबोर्डच्या लाकडाची जात सांगणारा कागद. त्या काळच्या रोझवूडमध्ये ब्राझिलियन जात, डाल्बर्जिया नायग्रा, असण्याची शक्यता मोठी. ती १९९२ पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. पुण्यात वाजवायला काही अडचण नाही, पण परदेशी कार्यक्रमाला नेणार असाल तर परवान्याशिवाय विमानतळावर अडकू शकते.

साडेसहा लाख ही किंमत पत्राची आहे. नीट अवस्थेतली केजी-११ अमेरिकेत साधारण दोन ते साडेतीन हजार डॉलरला मिळते. वाहतूक आणि आयातशुल्क त्यावर, आणि या गिटारीवर नेक, पट्टी, ब्रिजपाटी, तीन फ्रेट, सॅडल एवढं काम बाकी आहे. त्याला चाळीस-पन्नास हजार बाजूला ठेवा. आमच्या मते आहे त्या अवस्थेत पावणेतीन लाखांपर्यंत ती घ्यावी, आनंदाने घ्यावी, कारण असा आवाज नव्या गिटारीत विकत मिळत नाही. त्यापुढे एक रुपयाही द्यायचा तर नेक-ब्लॉकवरच्या क्रमांकाचा फोटो विक्रेत्याने पावतीवर जोडावा आणि ‘१९३१’ हा आकडा खोडून सही करावी.